पाळी गेल्यानंतर शुगर, वजन आणि गरम पाणी-सॉना-स्टीम: सारखे येणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका पन्नाशीच्या पुढच्या, गुडघे किंवा कंबर धरलेल्या, आणि सोबत शुगर बॉर्डरला नाहीतर बीपीची गोळी चालू. उष्णतेने पाळी गेलेल्या बायकांचं वजन आणि शुगर आटोक्यात राहते अशी बातमी फिरल्यापासून त्यांच्याकडून आणि त्यांच्या मुली-सुनांकडून एकच विषय सारखा येतोय, की व्यायाम जमत नाही तर सॉना, स्टीम किंवा गरम पाण्यात बसून काम होतं का. मेसेजमध्ये आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहिलं नाही, जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हीट थेरपी म्हणजे नक्की काय? गरम पाण्याच्या पिशवीने शेकतो तेच ना?

नाही, ते वेगळं. पिशवीने किंवा हीटिंग पॅडने शेकलं की फक्त तेवढा भाग गरम होतो, दुखणं कमी होतं, स्नायू सैल पडतो, पण शुगरवर त्याचा काही उपयोग नाही. इथे आपण बोलतोय ते पूर्ण शरीर आतून गरम करण्याबद्दल. म्हणजे आतलं तापमान ३७ अंश सेल्सियसवरून साधारण ३८ ते ३८.५ पर्यंत नेणं आणि काही वेळ तिथे ठेवणं. त्यासाठी ४० अंशांच्या पाण्यात खांद्यापर्यंत बसतात, किंवा कोरड्या सॉनात (८०-९० अंश), किंवा स्टीम रूममध्ये (४०-४५ अंश पण हवा वाफेने भरलेली), किंवा इन्फ्रारेड केबिनमध्ये (४५-६० अंश). हे झालं की नाडी वाढते, कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, भरपूर घाम येतो. जोरात चाललं की शरीरात जे होतं त्यातला काही भाग इथे न चालता होतो, म्हणूनच व्यायामाला पर्याय अशी चर्चा सुरू झाली.

२. मी पहिल्यासारखंच जेवते, तरी पाळी गेल्यापासून पोट सुटलंय आणि शुगर वर चाललीय. असं का?

कारण हिशोबच बदललेला असतो. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास, म्हणजे आपल्या बायकांना हे सगळं चार-पाच वर्षं आधीच सोसावं लागतं. इस्ट्रोजेन (बायकांचं मुख्य हार्मोन) कमी झालं की चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटात, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये साठायला लागते. ही आतली चरबी इन्सुलिनला दाद देत नाही. वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल वाढतं, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर पूर्वीसारखं लवचिक राहत नाही, आणि वयाबरोबर स्नायूही कमी होत जातात. जेवणातली साखर सगळ्यात जास्त स्नायूच उचलतात, ते कमी झाले की तेवढीच पोळी-भाजी खाऊनही शुगर जास्त दिसते. त्यामुळे जिभेवर ताबा नाही म्हणून असं झालं असं कुणी म्हणत असेल तर ते मनाला लावून घेऊ नका. कंबर टेपने मोजा, आपल्या आशियाई बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सीमा धरतात. वजनकाट्यापेक्षा ती टेप जास्त खरं सांगते.

३. गरम पाण्यात बसल्याने शुगरवर परिणाम होतो तो कसा?

मुख्य तीन-चार गोष्टी आहेत. पहिली, शरीर तापलं की पेशी हीट शॉक प्रोटीन नावाची प्रथिनं जास्त बनवतात, ही प्रथिनं पेशीतली सूज आणि इन्सुलिनच्या कामात येणारा अडथळा कमी करतात, आणि डायबिटीस असलेल्यांच्या स्नायूंत ती कमी सापडतात म्हणून शास्त्रज्ञांचा त्यांच्यावर डोळा आहे. दुसरी, रक्त जोरात वाहतं तेव्हा रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, वाहिनी सैल होते, बीपी उतरतं, आणि स्नायूंपर्यंत रक्तासोबत साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त पोचतात. तिसरी, उष्णता ओळखणारे रिसेप्टर असतात, मिरचीचा तिखटपणा ज्याला लागतो तोच हा, ते जागे झाले की चरबीच्या पेशी साठवण्याऐवजी थोडी ऊर्जा जाळायला लागतात असं उंदरांवर दिसलंय. आणि चौथी अगदी साधी, थंड व्हायला शरीराला मेहनत करावी लागते, त्यात थोड्या कॅलरी जातात (किती ते प्रश्न ६ मध्ये).

४. हे खरंच सिद्ध झालंय का, की व्हॉट्सॲपवरचं फॉरवर्ड आहे?

फॉरवर्ड नाही, पण फॉरवर्ड जेवढं सांगतं तेवढं सिद्धही झालेलं नाही. यावर जरा सविस्तर लिहिते कारण याच प्रश्नावर बाकी सगळं उभं आहे.

१९९९ मध्ये अमेरिकेत टाइप २ डायबिटीसच्या फक्त ८ पेशंटना रोज अर्धा तास, आठवड्याचे ६ दिवस, असं ३ आठवडे हॉट टबमध्ये बसवलं. उपाशीपोटीची शुगर सरासरी १८२ वरून १५९ वर आली, वजन १.७ किलोने उतरलं, आणि एकाचा इन्सुलिनचा डोस कमी करावा लागला. आकडे छान आहेत, पण ८ माणसं आणि तुलनेला दुसरा ग्रुपच नाही, त्यामुळे यावरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही.

मग ओरेगन विद्यापीठात २०१६ मध्ये व्यायाम न करणाऱ्या तरुणांना ८ आठवडे गरम पाण्यात बसवून रक्तवाहिन्या जास्त लवचिक झाल्याचं आणि बीपी थोडं उतरल्याचं दाखवलं, आणि २०१९ मध्ये त्याच गटाने पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा त्रास) असलेल्या लठ्ठ तरुणींवर साधारण ३० सेशन करून शुगर हाताळण्याची क्षमता सुधारल्याचं दाखवलं. हा दुसरा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो कारण तो बायकांवर आहे आणि त्यांच्यातही मूळ दुखणं इन्सुलिनचंच आहे. पण त्या तरुण होत्या, पाळी गेलेल्या नव्हत्या.

फिनलंडचे आकडे सगळ्यात जास्त फिरतात. कुओपिओ भागातल्या २३१५ मध्यमवयीन पुरुषांना सुमारे २० वर्षं पाहिलं, आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांत अचानक हृदय बंद पडून मरण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी निघालं (हे २०१५ मध्ये छापून आलं). नंतर २०१८ मध्ये बायकांसहित १६८८ लोकांवरही हृदयविकाराच्या मृत्यूंबाबत तसंच दिसलं. जपानमध्ये ३० हजारांवर लोकांच्या अभ्यासात रोज टबात आंघोळ करणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघात २८ टक्के कमी. आता हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, म्हणजे जे आधीच धडधाकट आहेत तेच रोज सॉनात जाऊ शकतात ही शंका राहतेच, हिशोबात कितीही काळजी घेतली तरी.

आणि पाळी गेल्यानंतरच्या शरीराबद्दल थेट म्हणाल तर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या गटाने वयस्क उंदीरमाद्यांवर काम मांडलं. त्यांच्या ओव्हरी काढलेल्या, खाणं जास्त चरबीचं, आणि रोज अर्धा तास ४० अंशांच्या पेटीत, असं १२ आठवडे. ज्यांना उष्णता दिली त्यांचं वजन कमी वाढलं, इन्सुलिनचं काम सुधारलं, लिव्हरमध्ये चरबी कमी साठली. बातमी इथूनच सुटली. पण उंदीर तो उंदीर, त्याचं शरीर छोटं, ते तापतं वेगळं, आणि आपल्यासारख्या ५२ वर्षांच्या बाईवर तेच होईल हे अजून कुणी मोठ्या अभ्यासात दाखवलेलं नाही.

उलट बाजूही सांगते. माँट्रिअलमध्ये हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांना ८ आठवडे आठवड्यातून ४ वेळा सॉना दिला, तुलनेला दुसरा ग्रुप ठेवला (२०२३ मध्ये छापून आलं), आणि रक्तवाहिन्यांत काहीच सुधारणा दिसली नाही. म्हणजे आजार आधीच जुना झाला असेल तर फार अपेक्षा ठेवू नये.

माझं मत असं की, आशा ठेवण्यासारखं आहे, विकत घेऊन अंगणात पेटी बसवण्यासारखं नाही.

५. मग मी व्यायाम बंद केला तरी चालेल ना?

नाही. यावर मी अजिबात मागे हटणार नाही, कारण उष्णता स्नायू वाढवत नाही आणि हाडांवर वजन टाकत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या ५ ते ७ वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, आणि हाड टिकतं ते त्याच्यावर भार पडल्याने, पायऱ्या चढल्याने, वजन उचलल्याने, उभं राहिल्याने. गरम पाण्यात तर उलट शरीर हलकं होतं. तोल सांभाळणं, पडल्यावर हात टेकून उठणं, दळणाचा डबा उचलणं, यातलं काहीही सॉना शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि २ दिवस ताकदीचे व्यायाम सांगते, ते तसंच राहतं. उष्णता त्याच्या सोबत घ्या. फिनलंडमध्येच २०२२ मध्ये हे पाहिलं, ४७ जण, बहुतेक बायका, काहींनी नुसता व्यायाम केला आणि काहींनी व्यायामानंतर १५ मिनिटं सॉना घेतला, आठवड्यातून ३ वेळा, ८ आठवडे. सोबत सॉना घेणाऱ्यांचा दम जास्त वाढला, वरचं बीपी जास्त उतरलं आणि कोलेस्टेरॉलही. त्यामुळे सॉनाची वेळ व्यायामानंतरची असू द्या.

६. तासभर गरम पाण्यात बसलं की अर्धा तास चालण्याएवढ्या कॅलरी जातात असं वाचलं, खरं का?

ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास आहे तो. ४० अंशांच्या पाण्यात तासभर बसल्यावर साधारण १४० कॅलरी खर्च झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा नुसतं बसूनही जातातच. सायकल चालवणाऱ्यांच्या कॅलरी अर्थातच कितीतरी जास्त गेल्या. त्यातला जास्त कामाचा भाग लोक वाचत नाहीत, तो असा की जेवणानंतर शुगरचा जो उंच टोकाचा आकडा असतो तो सायकलच्या तुलनेत आंघोळीनंतर सुमारे १० टक्के कमी होता. अभ्यास पुरुषांवर आणि थोड्या लोकांवर. कॅलरीसाठी म्हणून करत असाल तर करू नका, जेवून शतपावली घाला.

७. सॉनातून बाहेर आले आणि काट्यावर दीड किलो कमी!

पाणी गेलं. पाणी प्यायलात की परत येईल आणि यायलाच हवं.

८. माझे दोन्ही गुडघे गेलेत, जिना उतरता येत नाही, चालायला गेले की दोन दिवस सूज. माझ्यासाठी हे आहे का?

काकू, खरं तर हे सगळ्यात जास्त तुमच्यासाठीच आहे. ज्यांना चालता येतं त्यांना उष्णता म्हणजे वरचा थर, पण ज्यांना चालताच येत नाही, ऑपरेशनची तारीख लांब आहे, वजन वाढतंय म्हणून गुडघा आणखी दुखतो आणि गुडघा दुखतो म्हणून वजन वाढतं, त्यांच्यासाठी काहीच न करण्यापेक्षा हे नक्कीच चांगलं. चालता न येणाऱ्या माझ्या पेशंटना मी प्रश्न ५ मधल्यापेक्षा उलटा क्रम बसवून देते, आधी उष्णता, मग पंधरा-वीस मिनिटं थांबून नाडी आणि चक्कर शांत झाली की खुर्चीतले व्यायाम, कारण तेव्हा सांधे सैल असतात आणि दुखणं कमी असतं. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरणं, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन वर-खाली, रबराच्या पट्ट्याने ओढणं, आणि जमेल तेव्हा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि मग हळूहळू चालणं परत येतं. गुडघा लालसर, गरम आणि सुजलेला असेल तर त्या दिवशी मात्र उष्णता नको, आधी दाखवून घ्या.

९. आमच्याकडे बाथटब नाही, बादली आहे. सॉना तर लांबची गोष्ट. काय करायचं?

बादलीच्या आंघोळीने शरीराचं आतलं तापमान जवळजवळ वाढत नाही, पाणी अंगावरून जातं आणि लगेच थंड होतं. ज्यांच्या सोसायटीच्या जिममध्ये स्टीम रूम आहे त्यांनी ती वापरा, आपल्या शहरांत सॉनापेक्षा स्टीमच जास्त ठिकाणी असते.

घरी करायचं तर उंच बादलीत किंवा टबात गुडघ्यापर्यंत पाय, ४०-४१ अंशांचं पाणी, अंगावर शाल किंवा चादर, आणि थंड होईल तसं गरम पाणी घालत २०-३० मिनिटं. नवीन गरम पाणी घालताना पाय बाहेर काढा. कपाळावर घाम आला म्हणजे काहीतरी होतंय. पूर्ण शरीर बुडवण्याएवढा परिणाम यात होत नाही, पण पायांतला रक्तप्रवाह वाढतो, झोप चांगली लागते, आणि धोका बराच कमी.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहावीशी वाटते. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर दार-खिडकी बंद करून वीस मिनिटं पाणी चालू ठेवून बसायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, वास येत नाही, माणूस बेशुद्ध पडतो आणि दर हिवाळ्यात आपल्याकडे यात जीव जातात. पाणी आधी काढून घ्या, गिझर बंद करा, मग बसा.

१०. किती गरम, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा?

अभ्यासांमध्ये तासभरसुद्धा बसवलंय, पण तिथे शेजारी माणूस असतो आणि तापमान सतत मोजत असतात. घरी एवढं नको. पाणी ४० अंश, थर्मामीटरने मोजलेलं, हाताच्या अंदाजाने नाही. सुरुवात १० मिनिटांनी, दोन-तीन आठवड्यांत १५-२० वर. जपान सरकार तर घरच्या टबासाठी ४१ च्या वर नको आणि १० मिनिटांपेक्षा जास्त नको असं, वेळेबाबत याहूनही कडक सांगतं, कारण तिथे हिवाळ्यात दरवर्षी हजारो म्हातारी माणसं टबात दगावतात, थंड खोलीतून एकदम गरम पाण्यात आणि उठताना बीपी कोसळून. स्टीममध्ये १० मिनिटं, सॉनात १०-१५. आठवड्यातून ३-४ वेळा. आधी एक आणि नंतर दोन ग्लास पाणी, घाम जास्त आला तर ताक किंवा लिंबू-मीठ पाणी (बीपीवाल्यांनी मीठ जपून). जेवण झाल्यावर लगेच नको, उपवासाच्या दिवशी नको, ताप असताना नको, दारूबरोबर कधीच नको. घरात कुणीतरी असावं, कडी आतून लावू नका. उठताना आधी काठावर बसा, मग उभं राहा.

११. मला आधीच दिवसातून दहादा गरम वाफा येतात, त्यात आणखी गरमी?

इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतला तापमानाचा काटा फार हळवा होतो, अंग जरा तापलं की त्याला वाटतं खूप तापलं आणि तो घाम सोडतो. त्यामुळे गरम पाण्याने काहींना त्याच वेळी हॉट फ्लश येतो. ज्यांना रोज जोरात त्रास आहे त्यांनी आधी तो आवरावा, डॉक्टरांशी हार्मोन किंवा दुसऱ्या गोळीबद्दल बोलावं. हलका त्रास असेल तर ३८-३९ अंशांपासून सुरू करा, डोकं आणि मान थंड ठेवा, पंखा चालू. झोपायच्या एक-दोन तास आधी १० मिनिटांची गरम आंघोळ केली तर झोप लवकर लागते हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय, पण अगदी पडायच्या वेळी केलीत तर अंग तापलेलंच राहतं आणि रात्रीचा घाम वाढतो. दोन आठवडे वहीत लिहा, वाफा वाढल्या तर सोडून द्या.

१२. मी डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेते. चालेल का?

चालू शकतं पण डॉक्टरांना सांगूनच. उष्णतेने कातडीखालचं रक्त वाढतं, त्यामुळे टोचलेलं इन्सुलिन पटकन रक्तात जातं आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. इन्सुलिन घेतल्यावर लगेच गरम पाण्यात किंवा सॉनात जाऊ नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही शुगर उतरते, म्हणून आधी आणि नंतर ग्लुकोमीटरवर बघा, १०० च्या आत असेल तर आधी काहीतरी खा. घाम, थरथर, धडधड ही शुगर उतरल्याची लक्षणं आहेत आणि सॉनातही तेच होतं, त्यामुळे फरक कळत नाही, इथेच बायका फसतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर लघवीवाटे आधीच पाणी जातंय, पाणी जास्त प्या.

आणि पायांना मुंग्या येत असतील, चप्पल निसटल्याचं कळत नसेल, तर पायाने पाणी तपासू नका, थर्मामीटर किंवा कोपर वापरा, किंवा घरच्या दुसऱ्या माणसाला तपासायला सांगा. शेकताना भाजून पायाला जखम आणि मग बोट गेलं असं व्हायला वेळ लागत नाही. पायाला जखम, फोड, बुरशी असेल तर पाय बुडवणं बंद.

१३. बीपी आहे, मागच्या वर्षी स्टेंट टाकलाय. मी करू का?

बीपी गोळीने ताब्यात असेल तर सहसा चालतं, पण गोळी आणि उष्णता दोन्ही बीपी उतरवतात, म्हणून उठताना चक्कर हा मुख्य धोका. लघवी जास्त होण्याची गोळी घेत असाल तर आणखी जपून. स्टेंट असेल तर कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको. हार्ट ॲटॅक नुकताच येऊन गेलाय, छातीत दुखणं अजून येतंय, हृदयाचा झडपेचा आजार (विशेषतः महाधमनीची झडप अरुंद असणं) आहे, तर नकोच. चक्कर येऊन आधी पडलेल्या, फिट येणाऱ्या, किडनीचा आजार असलेल्या यांनीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

१४. थायरॉइड आहे.

कमी असेल आणि गोळीने टीएसएच ठीक असेल तर अडचण नाही. जास्त असेल, धडधड आणि घाम आधीच असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबा.

१५. गर्भाशयाबरोबर ओव्हरीपण काढल्यात, वय ४१. माझ्याबाबतीत वेगळं काही?

हो, कारण तुमचं इस्ट्रोजेन हळूहळू न जाता एका दिवसात गेलंय. हॉट फ्लश जास्त जोराचे, हाडांची झीज लवकर, हृदयाचा धोका लवकर. वर सांगितलेले उंदीर नेमके अशाच अवस्थेतले होते, त्यामुळे तुम्हाला ती बातमी जवळची वाटणं साहजिक आहे, पण तुमच्या वयात पहिला प्रश्न उष्णतेचा नसून हार्मोन घ्यायचे का हा आहे, तो गायनॅकोलॉजिस्टशी नीट बसून बोला. इस्ट्रोजेनचं जेल लावत असाल तर गरम आंघोळीनंतर, अंग थंड आणि कोरडं झाल्यावर लावा, आधी नाही. दुखण्यासाठी औषधाचा पॅच लावलेला असेल तर सॉना-स्टीम पूर्ण टाळा, उष्णतेने पॅचमधलं औषध जास्त आत जातं आणि फेंटॅनिलच्या पॅचमध्ये ते जिवावर बेतू शकतं.

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची भीती असते, सॉना आणि गरम टब दोन्ही ऑन्कोलॉजिस्टला विचारून.

१६. वज्रेश्वरीला किंवा उन्हवऱ्याला कुंडात बसलो तर तेच ना? आई तर दरवर्षी जायची.

तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, दापोलीजवळचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, हे सगळं आपलं खरंखुरं गरम पाणी आहे आणि त्यात बसून अंग मोकळं होतं यात शंका नाही. पण प्रत्येक कुंडाचं तापमान वेगळं, उन्हवऱ्याला उगमापाशी पाणी ७० अंशांच्या आसपास, ते भाजतंच, पुढे निवलेल्या कुंडातच उतरतात. वर्षातून एकदा गेल्याने शुगरवर काही होत नाही, जो काही फायदा दिसलाय तो आठवड्यातून अनेकदा, कित्येक आठवडे केल्याचा. पाणी गंधकाचं असलं म्हणून डायबिटीस बरा होतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पायाला जखम असेल तर उतरू नका, आणि डोकं पाण्याखाली नेऊ नका, साचलेल्या कोमट गोड्या पाण्यात नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा दुर्मीळ पण जीवघेणा अमीबा असू शकतो.

१७. नागपूरला मे महिन्यात ४५ अंश असतं, मग आमची फुकटात हीट थेरपी होतेच की?

होत नाही, आणि हा समज मला धोक्याचा वाटतो. थेरपीत उष्णता मोजून दिलेली असते आणि वीस मिनिटांनी संपते, मग शरीर थंड होतं, पाणी भरून निघतं. उन्हाळ्यात ती दिवसभर चालते, रात्रीही खोली निवत नाही, झोप होत नाही, आणि शेतात किंवा चुलीपुढे काम करणाऱ्या बाईला थांबायचा पर्यायच नसतो. त्याने किडनीवर ताण येतो, शुगर बिघडते, उष्माघात होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या बायकांनी मार्च ते जून हा सगळा प्रकार बंदच ठेवावा असं माझं सांगणं, तेव्हा पहाटे चालणं बरं.

१८. पंचकर्मातलं स्वेदन हेच का?

पेटीत बसवून डोकं बाहेर ठेवून वाफ देतात ते पेटीस्वेद शरीरावर स्टीमसारखंच काम करतं, डोकं बाहेर राहतं हे उलट चांगलं. पण ते सहसा काही दिवसांचा कोर्स म्हणून देतात. घेत असाल तर वैद्यांना शुगर-बीपीच्या सगळ्या गोळ्या सांगा, आणि प्रश्न १० मधले नियम तिथेही लागू.

१९. इन्फ्रारेड सॉना ब्लँकेट ऑनलाइन मिळतंय, घेऊ का?

मी तरी घ्या म्हणणार नाही. विषारी द्रव्यं बाहेर पडतात वगैरे जे लिहिलेलं असतं ते चुकीचं आहे, ते काम लिव्हर आणि किडनीचं. ब्लँकेटमध्ये पटकन बाहेर पडता येत नाही, ज्यांच्या पायांची संवेदना कमी झालीय त्या भाजतात, पेसमेकर असेल तर नकोच. त्याच पैशांत रबराचे पट्टे, छोटे डंबेल्स आणि एक चांगला बीपी मॉनिटर येतो.

२०. केल्यावर फरक किती दिवसांनी कळतो, आणि तपासायचं काय?

झोप आणि अंगदुखी पहिल्या दोन आठवड्यांत कळते. बीपी ८ आठवड्यांनी, रोज एकाच वेळी, आंघोळीनंतर लगेच नाही कारण तेव्हा ते तात्पुरतं उतरलेलंच असतं. शुगरसाठी सुरू करण्याआधी आणि ३ महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करा, ५.७ ते ६.४ म्हणजे बॉर्डर. सोबत लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि कंबरेची टेप. या ३ महिन्यांत जेवण आणि व्यायामही बदलला असेल, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही, पण मला विचाराल तर त्याने काही अडत नाही.

आकडे सुधारले म्हणून गोळी आपणहून बंद करायची नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गरम पाण्याचं किंवा स्टीमचं काय काय करताय, कितीदा, ते त्यांना सांगा, म्हणजे डोस कमी करायचा का हे त्यांना ठरवता येईल. आणि ३ महिन्यांत काहीच हललं नाही तर उष्णता वाढवू नका, वेळही वाढवू नका, ताकदीचे व्यायाम आठवड्याला एक दिवस वाढवा.